डेटाबेसला नीट प्रश्न कसा विचारायचा? (भागाचं लिखित रूप)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल, तर कानात इअरफोन राहू द्या. आज मोबाइलच्या स्क्रीनकडे बघायची गरज नाही. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग आहेच.

मागच्या काही भागांनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "सर, डेटाबेस उतरवून घेतला, लाखो डाव आहेत, आता करायचं काय?" हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो प्रामाणिक आहे. डाव गोळा करणं आज सोपं झालंय. मार्क क्रॉउदर 1994 पासून 'द वीक इन चेस' चालवतायत, दर आठवड्याला ताजे डाव फुकट मिळतात. विकतच्या मोठ्या डेटाबेसमध्ये एक कोटीहून जास्त डाव असतात. पण एक कोटी डावांसमोर बसलेल्या माणसाला नक्की काय विचारायचं हेच माहीत नसेल, तर ते डाव असून नसल्यासारखे.

थोडा इतिहास सांगतो, लगेच मुद्द्यावर येतो. 1985 मध्ये कास्पारोव्ह हॅम्बुर्गच्या एका क्लबच्या 8 खेळाडूंशी एकाच वेळी खेळला आणि चक्क 3.5-4.5 असा हरला. 1987 मध्ये तो परत गेला. तोपर्यंत मथियास व्यूलेनवेबर आणि फ्रेडरिक फ्रीडेल यांनी चेसबेसची अगदी पहिली आवृत्ती तयार केली होती, अटारीच्या कंप्युटरवर चालणारी. कास्पारोव्हने त्यावर प्रतिस्पर्ध्यांचे डाव बघितले आणि सामना 7-1 असा जिंकला. त्या वेळचा डेटाबेस आजच्या मानाने चिमुकला होता. पण त्याचा प्रश्न नेमका होता: ही आठ माणसं काय खेळतात आणि कुठे अडखळतात? आज आपल्याकडे डाव हजारो पटींनी जास्त आहेत आणि प्रश्न मात्र "लंडन सिस्टम बेस्ट गेम्स" एवढाच असतो.

कोडच्या भरवशावर राहू नका

लंडनच घेऊ, कारण तुमच्यातले निम्मे तेच खेळतात. (खेळा बिनधास्त, मी काही म्हणत नाही.) बहुतेक जण शोधायला बसले की आधी ओपनिंगचा कोड टाकतात. हे कोड बेलग्रेडच्या 'इन्फॉर्मेटर'वाल्यांनी तयार केले, ए00 पासून ई99 पर्यंत, एकूण 500. पुस्तकांच्या जमान्यात ती भन्नाट सोय होती. पण कोड ठरतो तो चालींच्या क्रमावरून. डी4, डी5 आणि लगेच उंट एफ4, तर डी00. आधी घोडा एफ3 काढला तर डी02. काळ्याने पहिल्याच चालीला घोडा एफ6 खेळला आणि पांढऱ्याने लगेच उंट काढला तर ए45. त्याने उंटाऐवजी आधी घोडा एफ3 काढला आणि ई6 आलं तर ए46, जी6 आलं तर ए48. पट बघाल तर तोच लंडन, तीच प्याद्यांची रांग, तोच एफ4 वरचा उंट. पण डाव पाच खणांत विखुरलेले.

आणि उलटंही होतं. डी00 मागितलं की त्यात ब्लॅकमार-डीमर गँबिट येतो. ए45 मागितलं की ट्रोम्पोव्स्की येतो. म्हणजे हवं ते निसटतं आणि नको ते जाळ्यात येतं.

म्हणून लंडन शोधायचा असेल तर कोड बाजूला ठेवा आणि पट मांडा. पांढरी प्यादी सी3, डी4, ई3 वर, उंट एफ4 वर, बाकी पट रिकामा. आणि एक अट: ही स्थिती पहिल्या 12 चालींच्या आत आली पाहिजे. चेसबेसच्या सर्चमध्ये 'पोझिशन' नावाचा टॅब आहे, तिथे हे जमतं. तिथे मोहरे ठेवायचा एक पट आहे, "किंवा हे चालेल" सांगायचा दुसरा, आणि "हे नको" सांगायचा तिसरा. तो तिसरा पट लोक उघडतसुद्धा नाहीत. मला विचाराल तर सगळ्यात कामाचा तोच. काळ्याने जी6 खेळलेले डाव नको असतील तर काळं प्यादं जी6 वर ठेवा त्या तिसऱ्या पटावर, झालं.

ओपनिंग नाही, सांगाडा शोधा

आता जरा खोलात जाऊ. माझ्याकडे इचलकरंजीहून एक मुलगी शिकायला येते. तेरा वर्षांची. वडील यंत्रमागावर काम करतात. ती कारो-कानविरुद्ध पॅनोव्ह खेळते, म्हणजे ई4, सी6, डी4, डी5, मग डी5 वर मारामारी आणि लगेच सी4. चांगली खेळते, पण एका मोसमात या ओपनिंगमध्ये लागोपाठ डाव गेले. वडील एक दिवस तिला सोडायला आले आणि थांबले. म्हणाले, "सर, समोरच्या पोरांकडे ते महागाचं सॉफ्टवेअर आहे म्हणे. हप्त्यानं घेऊ का?" मागे ती उभी होती, मान खाली घालून. मला कळलं की घरात यावर बोलणं झालंय, आणि पुढचं वाक्य "नाहीतर बंदच करू या" असं असणार.

मी त्यांना म्हटलं, "दादा, दोन आठवडे थांबा. फुकटच्या साधनांवर बघू. मग ठरवा."

फुकटचं साधन म्हणजे सिड. शेन हडसन यांनी बनवलेला डेटाबेस, नाव 'शेन्स चेस इन्फर्मेशन डेटाबेस'चं लघुरूप. दिसायला जुनाट आहे, खरं आहे. पण त्याचं 'मटेरियल आणि पॅटर्न' सर्च जबरदस्त आहे.

तिच्या डावांकडे नीट बघितलं तेव्हा दिसलं की ती ओपनिंगमध्ये हरतच नव्हती. बाराव्या-पंधराव्या चालीपर्यंत ठीक. मग पटावर डी4 वर एकटं पांढरं प्यादं उरायचं. शेजारच्या सी पट्टीत प्यादं नाही, ई पट्टीत नाही. यालाच आयसोलेटेड क्वीन्स पॉन म्हणतात, पोरं आयक्यूपी म्हणतात, मी गमतीने एकुलतं एक प्यादं म्हणतो. लाडकं असतं आणि सगळ्यांचा डोळाही त्याच्यावरच असतो. ते कसं खेळायचं, हे तिला माहीत नव्हतं. म्हणजे तिने डेटाबेसला "पॅनोव्हचे डाव दे" असं विचारणं हाच चुकीचा दरवाजा होता.

कारण हा सांगाडा फक्त पॅनोव्हमध्ये येत नाही. पॅनोव्हचे कोड बी13, बी14. पण सिसिलियनविरुद्ध सी3 खेळलं की बी22 मध्येही तो येतो. क्वीन्स गँबिट स्वीकारला की डी20 ते डी29 मध्ये येतो. निम्झो-इंडियनमध्ये ई3 च्या प्रकारांत येतो, तिथे कोड ई40 च्या पुढचे. चार वेगळ्या ओपनिंग्ज, चार वेगळी पुस्तकं, आणि पंधराव्या चालीला पट जवळजवळ सारखा! जो कोडने शोधतो त्याला ही चार घरं एकाच गल्लीत आहेत हे कधीच कळत नाही.

मग आम्ही पॅटर्न असा लिहिला. पांढरं प्यादं डी4 वर: हो. पांढरं प्यादं सी पट्टीत कुठेही: नाही. ई पट्टीत कुठेही: नाही. काळं प्यादं डी पट्टीत: नाही. काळं प्यादं ई6 वर: हो. सिडमध्ये आयक्यूपीचा तयार पॅटर्नही मिळतो, पण मी तिला हाताने भरायला लावलं. एकेक "नाही" भरताना कळतं की आपण नक्की काय मागतोय.

पहिल्या फटक्यात डावांचा ढीग आला आणि त्यातले कितीतरी निरुपयोगी. का? मारामारीच्या मध्ये एका क्षणासाठी पट तसा दिसतो, पुढच्या चालीला प्यादं परत मारलं जातं आणि सांगाडा संपतो. कंप्युटर बिचारा इमानदार, त्याने तो क्षणही मोजला. यावर इलाज म्हणजे सिडमधलं एक छोटं खातं: ही स्थिती कमीत कमी किती अर्ध्या चाली टिकली पाहिजे. अर्धी चाल म्हणजे एका बाजूची एक चाल. तिथे 1 असतो, आम्ही 8 केला. ढीग एकदम गाळला गेला. चेसबेसमध्येही अशीच कालावधीची अट आहे. ही एक अट विसरल्यामुळे पोरांचे किती तास वाया जातात याचा हिशेब नको.

आणि, किंवा, नव्याने

सिडच्या सर्च खिडकीत तीन पर्याय असतात. आधीच्या निकालातूनच गाळा, आधीच्या निकालात भर घाला, किंवा आधीचं विसरून पूर्ण डेटाबेसवर चालवा. सोप्या भाषेत 'आणि', 'किंवा', 'नव्याने'. शोध बांधायचा म्हणजे हे तीन शब्द नीट वापरायचे, बस.

पण यात एक मेख आहे, ती लक्षात ठेवा. दोन शोध एकापाठोपाठ 'आणि'ने लावले, तर दोन्ही अटी त्या *डावात* कुठेतरी पूर्ण झाल्या पाहिजेत एवढंच तो बघतो. एकाच *क्षणी* पूर्ण झाल्या पाहिजेत असं नाही. समजा पहिला शोध आयक्यूपीचा आणि दुसरा हत्तीच्या अंतिम डावाचा. निकालात असे डाव येतील जिथे पंधराव्या चालीला एकटं प्यादं होतं आणि पन्नासाव्या चालीला पटावर फक्त हत्ती आणि प्यादी उरली. हे तर मस्तच आहे! "आयक्यूपीतून हत्तीच्या अंतिम डावात गेल्यावर पांढऱ्याचं काय होतं" हा फार चांगला प्रश्न आहे. पण तुम्हाला एकटं प्यादं *असताना* पटावर फक्त हत्ती उरलेले हवे असतील, तर दोन्ही अटी एकाच खिडकीत भरायला हव्यात. प्रश्न वेगळा, उत्तर वेगळं. आणि स्क्रीन तुम्हाला याची आठवण करून देत नाही.

क्रमाचंही सांगतो. आधी स्वस्त गाळणी: वर्ष, रेटिंग, चालींची संख्या. मग पटाची गाळणी, कारण तिला प्रत्येक डाव चाल-चाल उलगडून बघावा लागतो. आणि निकालाची गाळणी सगळ्यात शेवटी, जमलं तर लावूच नका. "पांढरा जिंकला तेच दाखव" म्हटलं की काळ्याने ते प्यादं कसं अडवलं, मोहरे कसे मारून टाकले, हे तुम्हाला कधी दिसणारच नाही. तिने नेमके हेच डाव बघायला हवे होते. आम्ही वीस डाव काढले, त्यातले जाणूनबुजून आठ पांढरा हरलेले. दोन आठवड्यांत तिने ते वीस पाठ केले नाहीत, पण डी5 चा धक्का कधी द्यायचा, घोडा ई5 वर कधी नेऊन बसवायचा, हे तिच्या बोलण्यात यायला लागलं. अजूनही ती आयक्यूपीत कधी कधी हरते. महागाचं सॉफ्टवेअर घरात आलं नाही, आणि खेळही बंद झाला नाही.

नावांचा घोळ

प्रतिस्पर्ध्याची तयारी करायची तर नावाने शोधायचं, आणि इथे आपल्या लोकांचा खास घोळ आहे. डेटाबेस पाश्चात्त्य पद्धतीने आधी आडनाव, मग नाव असा चालतो. आपला नाशिकचा विदित बऱ्याच ठिकाणी "विदित, संतोष गुजराथी" असा नोंदलेला आहे. म्हणजे आडनावाच्या खान्यात 'गुजराथी' टाकलंत तर तो सापडणारच नाही, तिथे 'विदित' टाकावं लागतं. विश्वनाथन आनंदचं स्वतःचं नाव आनंद आहे, विश्वनाथन हे वडिलांचं नाव. गुकेश आणि प्रज्ञानंद यांच्या नावापुढे फक्त इनिशियल. परदेशी नावांतही कमी गंमत नाही, कोर्चनॉय एकच माणूस पण स्पेलिंग इंग्रजी वेगळं, जर्मन वेगळं. म्हणून खेळाडूचा फिडे आयडी मिळत असेल तर त्यानेच शोधा, नंबर बदलत नाही. नाही मिळाला तर नावाचे दोन-तीन प्रकार 'किंवा'ने जोडा.

आणि स्पष्टच बोलतो. तुम्ही जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळत असाल, तर बहुतेक प्रतिस्पर्ध्यांचे डाव कुठल्याच डेटाबेसमध्ये नसतात. स्पर्धेत वरच्या काही पटांचे डाव नोंदले जातात, बाकीच्यांच्या स्कोअरशीट घरच्या कपाटात. रात्री चेस-रिझल्ट्सवर पेअरिंग लागली की अकरा वाजेपर्यंत प्रतिस्पर्ध्याचं नाव शोधत बसणारी मुलं मी बघतो. दहा मिनिटं शोधा, नसेल तर झोपा. मी तर म्हणेन की तुमच्या पातळीवर सगळ्यात कामाचा डेटाबेस म्हणजे तुमचे स्वतःचे डाव. साठ-सत्तर असले तरी पुरे. स्कोअरशीट बघून भरा. सिडमध्ये डावाला झेंडे लावता येतात: ओपनिंग, मधला डाव, अंतिम डाव, डावपेच, घोडचूक असे. वर्षभराने "मी पांढऱ्याने हरलेले आणि घोडचुकीचा झेंडा असलेले डाव" असं विचारा. उत्तर आवडेलच असं नाही.

टक्केवारी बघून भाळू नका

मोबाइलवर तुम्ही बहुतेक जण लिचेसचा ओपनिंग एक्सप्लोरर वापरता. उत्तम आहे, फुकट आहे, जाहिरात नाही. पण तिथे तीन वेगळे डेटाबेस आहेत हे कितींना माहितीये? मास्टर्समध्ये 1952 पासूनचे, 2200 च्या वर रेटिंग असलेल्यांचे पटावरचे डाव आहेत. लिचेसमध्ये साइटवर खेळलेले डाव, तिथे वेळ आणि रेटिंग निवडता येतं. तिसरा म्हणजे एका खेळाडूचा, युजरनेम टाकून. बुलेटमध्ये भारी चालणारी युक्ती दीड तासाच्या डावात सपशेल पडू शकते. म्हणून लिचेसच्या टॅबमध्ये बुलेट आणि ब्लिट्झची टिक काढून मगच टक्के बघा.

आणि टक्के म्हणजे तरी काय? 9 डावांपैकी 6 जिंकले की 67 टक्के. त्यातले दोन डाव उलटे पडले असते तर 44. नऊ डावांवर आपण आपली ओपनिंग बदलायची का? शिवाय ती चाल कोण खेळलं होतं तेही बघा. 2700 वाल्याने 2300 वाल्याला हरवलं तर श्रेय चालीचं की माणसाचं? मास्टर्सच्या डावांत पांढऱ्याला सरासरी 54-55 टक्के गुण मिळतातच, तेव्हा 55 टक्के बघून "वा, भारी लाइन" म्हणण्यात काही अर्थ नाही.

शोध जपून ठेवायचा

आता शेवटचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम, जे कोणी करत नाही. एवढी मेहनत करून बांधलेला शोध खिडकी बंद केली की जातो. सिडच्या सर्च खिडकीत 'सेव्ह' आहे, तो तुमच्या अटींची छोटी फाइल बनवतो. पुढच्या महिन्यात नवे डाव भरले की तीच फाइल उघडा, एका क्लिकवर तोच प्रश्न ताज्या डावांना. फाइलला नाव "सर्च1", "सर्च2", "नवीन", "नवीन फायनल" असं देऊ नका. प्रश्नच नावात लिहा: "एकटं प्यादं पांढरं, ई6, 8 अर्ध्या चाली, 2400 च्या वर". लांब आहे, असू दे.

सोबत वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये तीन ओळी. मी काय विचारलं. कुठल्या अटी लावल्या, कुठल्या तारखेच्या डेटाबेसवर. आणि काय दिसलं. तिसरी ओळ सगळे गाळतात, आणि मग सहा महिन्यांनी तेच वीस डाव पुन्हा पहिल्यापासून बघतात.

कंप्युटर नाही? हरकत नाही. पटाची कुठलीही स्थिती एका ओळीत लिहिता येते, तिला फेन म्हणतात. एकोणिसाव्या शतकात फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पत्रकाराने ती पद्धत काढली, नंतर स्टीव्हन एडवर्ड्सने कंप्युटरसाठी तिला सध्याचं रूप दिलं. ती ओळ कॉपी करून नोट्समध्ये ठेवली की तोच तुमचा सेव्ह केलेला शोध. त्याहून बरं म्हणजे लिचेसवर एक स्टडी बनवा, एका स्टडीत 64 चॅप्टर बसतात. प्रत्येक चॅप्टरमध्ये एक स्थिती, नावात प्रश्न. बसमध्ये चॅप्टर उघडा, एक्सप्लोरर लावा, बघा. फक्त पट हाताने मांडलात तर कॅसलिंगच्या चौकोनांत टिक आहे का ते तपासा. नसेल तर कंप्युटरच्या दृष्टीने ती वेगळीच स्थिती होते, आणि एक्सप्लोरर शून्य डाव दाखवू शकतो. मग पोरं म्हणतात, "सर, मी नवी चाल शोधली!"

ज्यांना कोडिंगची आवड आहे त्यांच्यासाठी सीक्यूएल नावाची एक भाषाच आहे, चेस क्वेरी लँग्वेज, गॅडी कोस्टेफ आणि लुईस स्टिलर यांनी केलेली. त्यात शोध मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचा असतो, त्यामुळे तो जपता येतो, मित्राला पाठवता येतो, दुरुस्त करता येतो. कोडे रचणारी मंडळी ती खूप वापरतात. त्यावर वेगळा भाग करायचा विचार आहे, तुम्ही सांगा हवा का.

तोपर्यंत गृहपाठ. तुमचा शेवटचा हरलेला डाव काढा. विसाव्या चालीला थांबा. मोहरे विसरा, फक्त प्यादी बघा, आणि तोच सांगाडा शोधायला डेटाबेसला काय सांगाल ते मराठीत एका वाक्यात लिहा. ते वाक्य मला पाठवा, डाव नको. पुढच्या भागात त्यातली पाच-सहा वाक्यं घेऊन आपण इथेच त्यांचे शोध बांधू. चला, भेटू.